जुन्या सागवानी दाराच्या फळीपासून भाजी चिरण्याचा पाट करावा का?

प्रश्न:
आईचे गुडघे दुखू लागल्यापासून आमच्या घरात विळी मागे पडली आणि ओट्याशी उभे राहून सुरीने चिरणे सुरू झाले. त्यासाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पाटावर दोन वर्षांत इतके चरे पडले आहेत की त्यांत मुरलेला हळदीचा पिवळेपणा कितीही घासले तरी जात नाही. गावाकडच्या घराची दुरुस्ती करताना सागवानी दाराच्या दीड इंच जाडीच्या दोन फळ्या निघाल्या. त्यांवर हिरव्या तैलरंगाचे तीन-चार थर आहेत. मात्र एक कोपरा खरवडल्यावर आत सोनेरी, निरोगी लाकूड दिसले. सुतार म्हणतात की सागासारखे दुसरे लाकूड नाही, तर एका नातेवाइकांचे म्हणणे असे की सागावर सुरीची धार टिकत नाही. यांतले खरे काय मानावे?

प्रतिसाद १:
दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण ते सागाच्या दोन वेगवेगळ्या गुणांविषयी बोलत आहेत. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असल्यामुळे ते पाण्याने सहसा फुगत नाही, पीळ खात नाही आणि त्याला वाळवीही सहजासहजी लागत नाही. परंतु त्याच लाकडात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात आणि तेच धारेला खातात. सागाला रंधा मारताना पाते वारंवार परजावे लागते, हा अनुभव आपल्या सुतारांनाही असेलच. निव्वळ कठीणपणा पाहिला तर साग मध्यम आहे: जान्का मोजणीत, म्हणजे पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो या मोजणीत, तो सुमारे १०७० पाउंड भरतो, तर अमेरिकेत पाटांसाठी सर्रास वापरले जाणारे हार्ड मेपल १४५० पाउंड आणि आपला शिसव २४०० पाउंडांच्या आसपास. म्हणजे धार जाते ती लाकूड फार कठीण आहे म्हणून नव्हे. घरी साधी सुरी असेल आणि तिला महिन्यातून एकदा धार लावण्याची तयारी असेल, तर सागाचा पाट उत्तम चालेल.

माझी खरी हरकत त्या हिरव्या रंगाला आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता पुष्कळ. हे थर घरात कोरडे घासू नयेत, कारण ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे फार वाईट. शिवाय जुन्या लाकडाच्या भेगांत आणि खिळ्यांच्या भोकांत रंग किती खोल उतरला आहे हे वरून कळत नाही. या फळ्यांचे देवघराचे फडताळ करावे. जेवणाच्या पदार्थांखाली त्या ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. नवे लाकूड घ्यायचे ठरल्यास चिंचेचा विचार जरूर करावा. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो, याचे कारण हे लाकूड घट्ट आणि चिवट असते व घावाखाली त्याच्या सहसा ढलप्या निघत नाहीत. अडचण एवढीच की चिंचेचा गडद जांभळट गाभा लहान असतो आणि भोवतीच्या पिवळट लाकडाला भुंगा लवकर लागतो. म्हणून वखारीत फळीच्या कडा नीट पाहाव्यात. टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर ती फळी घेऊ नये. ओली फळी तर मुळीच घेऊ नये, ती घरी वाळताना तडकते. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण पाण्यात राहिले की लवकर काळे पडते.

प्रश्नकर्ता:
रंगाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, मनःपूर्वक आभार. फळ्या बाजूला ठेवल्या आहेत. आमच्याकडे आठवड्यातून एकदा मासळी असते. लाकडात तिचा अंश मुरून जंतू वाढतील का, एवढी शंका उरते.

प्रतिसाद ३:
या प्रश्नावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर या अन्नातील जंतूंच्या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. लाकडावर टाकलेले जंतू पृष्ठभागाखाली शोषले गेले, तिथे ते वाढले नाहीत आणि हळूहळू मेले. उलट सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने पुरते स्वच्छ होणे अवघड ठरले. तरीही मासळीसाठी वेगळा पाट ठेवावा, कारण मासळीनंतर त्याच पाटावर कच्ची कोशिंबीर चिरली गेली तर लाकडाचा हा गुण मदतीला येत नाही. काम झाल्यावर पाट साबणाने आणि गरम पाण्याने धुवावा, भिजत घालू नये, आणि दोन्ही बाजूंना वारा लागेल असा उभा ठेवावा. कडक उन्हात ठेवल्यास तो वाकतो. नव्या पाटाला औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन पहिल्या आठवड्यात रोज रात्री चोळावे, नंतर महिन्यातून एकदा पुरे. शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते खवट होते आणि तो वास पुढे कांद्यालाही लागतो.