शीना बोरा केस: कोर्टाआधी आपणच निकाल लावून मोकळे?

चर्नी रोड स्लो

काल सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एकाने शीना बोरा केसवरचं रील लावलं आणि मालाड ते दादर एवढ्यात निकाल लागला पण. एक म्हणे, "तिचे डोळे बघ ना, ही बाई काय पण करू शकते." दुसरा म्हणे, जिने पोटच्या पोरीला बहीण म्हणून जगाला सांगितलं तिच्याविरुद्ध अजून पुरावा कसला मागता. तिसरा प्रॉपर्टीवर घसरला. चौथा रोज झोपलेला असतो, तो अंधेरीला डोळे उघडून "नवराच असणार मेन" एवढं म्हणाला आणि परत झोपला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २०१२ मध्ये शीना गायब झाली, पुढच्याच महिन्यात पेण तालुक्यात गागोदे खुर्दच्या जंगलात एक जळालेला मृतदेह सापडला आणि तो कोणाचा हे तीन वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. ऑगस्ट २०१५ ला शीनाच्या आईचा आधीचा ड्रायव्हर श्यामवर राय पिस्तुलाच्या वेगळ्याच केसमध्ये पकडला गेला आणि चौकशीत त्याने हे सांगितलं असं पोलिसांचं म्हणणं. मग आई इंद्राणी मुखर्जी, तिचा आधीचा नवरा संजीव खन्ना, आणि नोव्हेंबरात तिचा तेव्हाचा नवरा पीटर मुखर्जी असे एकेक पकडले गेले. तिघांनीही आरोप नाकारलेत.

माझा त्रास एवढाच आहे की इतक्या वर्षांत आमच्या डब्यात हाडांबद्दल कोणी बोललेलं मला आठवत नाही. २०२४ मध्ये सरकारी पक्षाने कोर्टात सांगितलं की पेणला मिळालेले अवशेष सापडत नाहीयेत! मग काही आठवड्यांनी ते सीबीआयच्या दिल्लीच्या ऑफिसात सापडले. एखाद्या खुनाच्या केसमध्ये याहून मोठी बातमी काय असते मला सांगा, पण आम्ही अजून तिची लग्नं किती झाली यावरच अडकलोय. लोकांनी असे अंदाज लावणं बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पेणचा पोरगा

साफ चूक. तुम्ही म्हणता लोकांनी गप्प बसावं, तर आमच्या तालुक्यात तीन वर्षं सगळे गप्पच होते ना, काय झालं त्याने? २०१२ ला साधा खुनाचा गुन्हासुद्धा नोंदला गेला नाही, नमुने मुंबईच्या जेजे हॉस्पिटलला पाठवले आणि फाईल पडून राहिली. एक तरणीताठी पोरगी मुंबईतून नाहीशी होते आणि ती अमेरिकेला गेली एवढं सांगितल्यावर सगळ्यांचं समाधान होतं. कोणी तरी चार चौकश्या केल्या असत्या तर? तुमच्या त्या ८ वाजताच्या लोकलमधल्या लोकांसारखा एखादा आगाऊ माणूस शीनाच्या शेजारी राहायला हवा होता.

अवांतर: गागोदे म्हणजे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. आम्ही लहानपणापासून गावाची ओळख तशीच सांगत आलो. २०१५ नंतर मुंबईत कोणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बॉडी सापडली तेच ना?"

चर्नी रोड स्लो

@पेणचा पोरगा, चौकशी करणं आणि निकाल देणं यात फरक आहे की नाही? मुलगी कुठाय हे विचारायला माझी काही हरकत नाही. "डोळ्यांवरून कळतं" ला आहे.

खारची काकू

मी तेव्हा खार पोलीस स्टेशनपासून चार गल्ल्या सोडून राहत होते. ऑगस्ट-सप्टेंबर २०१५ मध्ये तिथून रिक्षा सुद्धा नीट जात नव्हती इतक्या टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅन. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका भाजी आणायला म्हणून जायच्या आणि तासाभराने यायच्या, हातात भाजी नाही पण बातमी ताजी. मी पण गेलेय दोनदा, खोटं कशाला बोलू. कमिशनर राकेश मारिया स्वतः चौकशीला बसायचे, आणि ८ सप्टेंबरला त्यांना बढती देऊन तिथून हलवलं तर त्यावर पण आमच्या लिफ्टमध्ये तीन थिअऱ्या तयार. त्यातली एकही कोणी पुढे तपासली नाही. दुसऱ्या दिवशी नवीन थिअरी मिळते ना.

पण एक सांगते. त्या बाईबद्दल जेवढं घाणेरडं बोललं गेलं त्याच्या निम्मं पण दोन्ही पुरुष आरोपींबद्दल बोललं गेलं नाही. ती महत्त्वाकांक्षी, ती इंग्रजी फाडफाड बोलते, ती लिपस्टिक लावून कोर्टात येते. मी माझ्या सासूला विचारलं होतं, लिपस्टिक न लावता आली असती तर तुम्ही सोडलं असतं का? त्या म्हणाल्या, "तेव्हा म्हटलं असतं नाटक करतेय."

बॅलार्ड पिअर

काकूंच्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार 😄

रोखठोक ठाणेकर

धागालेखक फारच हळवे झालेत. ड्रायव्हरने सगळं कबूल केलंय, तो स्वतः गाडीत होता, जागा त्याने दाखवली. अजून काय पाहिजे? श्रीमंतांच्या केसमध्येच बरी सगळ्यांना 'आरोप सिद्ध होईपर्यंत निर्दोष' ही ओळ आठवते. कुर्ल्याच्या झोपडपट्टीतल्या पोराला चोरीच्या संशयावरून पब्लिक तुडवते तेव्हा कुठे असता?

माजी शिरस्तेदार

ठाणेकर साहेब, ३१ वर्षं कोर्टात नोकरी केली म्हणून चार ओळी लिहितो, रागावू नका. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हा कायदा इंग्रजांनी केला आणि तो इंग्रजांच्या पोलिसांवर इंग्रजांचाच विश्वास नव्हता म्हणून केला. कबुलीतून एखादी वस्तू किंवा जागा सापडली तर तेवढाच भाग घेतात. आता राय हा माफीचा साक्षीदार झालाय, म्हणजे शिक्षेतून सूट मिळण्याच्या बोलीवर साक्ष देणारा. अशा माणसाचं बोलणं दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याने जुळतंय का हे कोर्ट बघतं, कारण गुन्ह्यात सामील असलेला माणूस आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकू शकतो. म्हणून तर ती हाडं महत्त्वाची. ती शीनाचीच आहेत हे नीट सिद्ध झालं नाही तर राय कितीही खरं बोलला तरी लटकणार. बचाव पक्ष हेच धरून बसलाय, आणि २०२१ च्या डिसेंबरात इंद्राणीने सीबीआयला पत्र लिहिलं होतं की शीना जिवंत आहे, तुरुंगातल्या एका बाईने तिला काश्मीरमध्ये पाहिली. तेव्हा तुम्ही सगळे हसला होतात. पण हसून काही सिद्ध होत नाही.

आणि एवढा वेळ का लागतो तर सरकारी पक्षाच्या यादीत २३७ साक्षीदार. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने इंद्राणीला जामीन दिला तेव्हा त्यातले फक्त ६८ तपासून झाले होते आणि ती साडेसहा वर्षं आत होती. जामीन म्हणजे सुटका असा अर्थ त्या दिवशी आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांनी काढला. त्यात एक रिटायर्ड हेडमास्तर होते.

रोखठोक ठाणेकर

शिरस्तेदार काका, माहितीबद्दल आभार, पण माझा झोपडपट्टीचा मुद्दा तुम्ही अलगद बाजूला ठेवलात.

माजी शिरस्तेदार

ठेवला, कारण तो बरोबर आहे.

गिरगावचा भाचा

मुंबईला हे नवीन नाही हो. १९५९ ची नानावटी केस आठवा. नेव्हीचा कमांडर, बायकोच्या प्रियकराला त्याच्याच बेडरूममध्ये तीन गोळ्या. माझे मामा तेव्हा कॉलेजात होते, ते सांगायचे की फोर्टात फेरीवाले खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्वर' आणि 'आहुजा टॉवेल' विकायचे. टॉवेल का, तर प्रेम आहुजा आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आला होता आणि मेल्यावरही तो टॉवेल कमरेला तसाच होता. आता बघा, नानावटीचं म्हणणं झटापटीत गोळ्या सुटल्या. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता की नाही? हा खरा पुरावा. लोकांनी त्याचं काय केलं, तर बाजारात विकायला काढला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा २५ पैशाचा अंक दोन रुपयाला जायचा. त्याचे संपादक करंजियांनी नानावटीला असा काही हिरो केला की ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं. हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ ला कायम केली आणि १९६४ ला राज्यपालांनी माफी दिली. म्हणजे शेवटी पब्लिकच जिंकलं.

पेणचा पोरगा

बरोबर, आणि त्यानंतर ज्युरीच बंद केली सरकारने. म्हणजे आता तुमच्या लोकलमधल्या गप्पांनी कोणाला फाशी होत नाही. निकाल जज देणार, आणि जज काय रील बघून निकाल देतात का?

माजी शिरस्तेदार

एक छोटी दुरुस्ती. नानावटीनंतर लगेच बंद झाली हे सगळेच सांगतात पण तसं नाही, पुढे काही वर्षं काही ठिकाणी ज्युरी चालू होती, कायद्यातून ती गेली १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत.

बाकी मुद्दा पेणकरांचा खरा आहे. फेब्रुवारी २०२४ ला नेटफ्लिक्सवर या केसची सिरीज येणार होती तेव्हा खटल्यावर परिणाम होईल म्हणून सीबीआयच हायकोर्टात गेली थांबवायला. न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः बघितली आणि यात काही आक्षेपार्ह नाही म्हणून याचिका फेटाळली.

चर्नी रोड स्लो

पण त्याच हायकोर्टाने जानेवारी २०२१ ला सुशांतसिंगच्या प्रकरणात मीडिया ट्रायलने तपासात अडथळा येतो असं म्हटलं होतं की. जजवर परिणाम होत नसेल, मान्य. साक्षीदार तर आपल्यासारखेच लोकलने येतात ना? दहा वर्षं रोज टीव्हीवर एकच गोष्ट ऐकल्यावर मला २०१२ ला काय दिसलं आणि २०१५ ला काय ऐकलं हे वेगळं सांगता येईल का, मला तर काल जेवायला काय होतं ते आठवत नाही.

आणि आरुषी विसरलात का? मे २००८, नोएडा, शाळकरी मुलीचा घरातच खून. पहिल्या दिवशी पोलिसांसकट सगळ्या देशाने ठरवलं की नोकर हेमराज खून करून पळाला. दुसऱ्या दिवशी हेमराजची बॉडी त्याच घराच्या गच्चीवर. एक अख्खा दिवस आपण एका मेलेल्या माणसाला खुनी म्हणत होतो आणि नंतर कोणी त्याच्या घरच्यांना सॉरी म्हटलेलं मला तरी माहीत नाही. मग आईबापांवर आलो. २०१३ ला जन्मठेप, २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टातून निर्दोष सुटका. प्रत्येक वेळी लोक म्हणाले "मी तर आधीपासून सांगत होतो."

दुसरा मजला, डोंबिवली

मी सहसा फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय.

माझी वहिनी सहा वर्षांपूर्वी गॅलरीतून पडून गेली. कुंडीला पाणी घालायला स्टुलावर चढली होती, पावसाचे दिवस, लादी ओली. हे मी सांगतेय कारण मी घरात होते, स्वयंपाकघरात, आणि स्टूल पडल्याचा आवाज मी ऐकला. दादा तेव्हा घाटकोपरला ट्रेनमध्ये होता. तेराव्यापर्यंत खालच्या मजल्यावर ठरलं होतं की दादानेच ढकललं, कारण आदल्या आठवड्यात दोघांचं टीव्हीच्या रिमोटवरून मोठ्याने भांडण झालं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पोलिसांनी चौकशी करून अपघात म्हणून केस बंद केली. खालच्या मजल्यावर ती अजून चालू आहे. भाचा चौथीत होता. शाळेतून आला आणि दप्तर न काढता तसाच उभा राहून मला विचारलं, "आत्या, बाबा तेव्हा खरंच ट्रेनमध्ये होते का?" मी त्याला दादाच्या पासचं पाकीट दाखवलं. त्यात काय दिसणार होतं, पण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

तुम्हाला वाटतं तुमचं बोलणं टीव्हीतल्या लोकांपर्यंत पोचत नाही. पोचत नसेलही. पण ती सवय जिन्यात पण तुमच्याबरोबर येते.

खारची काकू

बाई गं 🙏 काळजी घ्या.

वसईची वीणा

ताई, तुमचं वाचून गलबललं आणि तरी मी उलट बाजूने लिहिणार आहे, माफ करा. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज रात्री एका घरातून आवाज यायचे. सगळ्यांना माहीत होतं. 'घरचा मामला आहे' म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो, हो, मी पण. ती मुलगी गेली तेव्हा सगळ्या मजल्यांवरून एकच उत्तर, काही ऐकलं नाही. पोलिसांना एकही साक्षीदार मिळाला नाही. सासू आजही गच्चीवर पापड वाळत घालते आणि माझ्याशी बोलते, मी पण बोलते. तुमच्याकडे लोक जास्त बोलले, आमच्याकडे अजिबात बोलले नाहीत. मला विचाराल तर मला तुमचा खालचा मजला हवा होता.

दुसरा मजला, डोंबिवली

तुम्ही ऐकलं होतं, वीणाताई. आमच्या खालच्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. तेव्हा ते सगळे कामावर होते.

वसईची वीणा

हो.

रोखठोक ठाणेकर

मी माझं 'अजून काय पाहिजे' मागे घेतो. श्रीमंत-गरीब वालं घेत नाही.

बॅलार्ड पिअर

@चर्नी रोड स्लो, तुमच्या त्या झोपणाऱ्या मित्राला हाडांचं सांगितलंत का?

चर्नी रोड स्लो

सांगितलं आज. वांद्र्याला जागा झाला, सगळं ऐकून घेतलं, म्हणाला "दिल्लीला कशी गेली म्हणे?" मी म्हटलं माहीत नाही. दादर येईपर्यंत त्याच्याकडे त्याची पण थिअरी तयार होती.