ग्रीक आणि तुर्क, पाश्चात्त्य प्रवाशांच्या नजरेतून: काय वाचावं?

गलबत (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,
टॅव्हर्निये, फ्रायर, पिएत्रो देल्ला व्हाल्ले ही आपल्याकडे येऊन गेलेली मंडळी वाचून झाली. यातला देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये सुरतेला पोचण्याआधी इस्तंबूलमध्ये मुक्काम ठोकून होता. तिथून डोक्यात किडा शिरला की ऑटोमन राजवटीतले ग्रीक आणि तुर्क या लोकांना कसे दिसले असतील? थोडं चाळलं आणि गोंधळच वाढला. एकाला ग्रीक लबाड आणि लाचार वाटतात, दुसरा दर ग्रीक मेंढपाळात पेरिक्लीस (प्राचीन अथेन्सचा थोर नेता) शोधतो. तुर्क कुठे क्रूर आणि आळशी, तर कुठे शब्दाचे पक्के. इंग्रजीत मिळतील अशी तीन-चार पुस्तकं सुचवा. मूळ प्रवासीच हवेत, त्यांच्यावरची समीक्षा नको.

अडकित्ता
लेडी मेरी वर्टली माँटेग्यूची पत्रं. डोळे झाकून सुरुवात करा. नवरा इंग्लंडचा वकील म्हणून सुलतानाकडे गेला, त्याच्याबरोबर ही १७१७ मध्ये एदिर्ने आणि मग इस्तंबूलला पोचली. सोफियाच्या हमामखान्याचं वर्णन प्रसिद्ध आहेच, पण खरी मजा ती आधीच्या पुरुष प्रवाशांची खिल्ली उडवते तिथे आहे. जनानखान्याच्या दारातही उभं राहायला मिळालं नाही आणि आतल्या गोष्टी रंगवून सांगतात, असं तिचं म्हणणं. देवी टोचण्याची पद्धतही तिने तिथेच पाहिली, आणि १७१८ मध्ये स्वतःच्या मुलाला इस्तंबूलमध्ये टोचून घेतलं. टोचणारी एक म्हातारी ग्रीक बाई.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही पत्रं तिने परतल्यावर नीट रचून काढली आणि छापली गेली ती तिच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये. दुसरं, बाई वावरली ती बड्या घरांत. आणि तिथे तुर्की बायकांचे बुरखे, कशिदाकारी पाहूनही तिला होमरच आठवतो!

तिरपागडा
+१. वाखु (वाचनखूण) साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बखरवाचक
माँटेग्यू ठीकच, पण धागाकर्त्याला पडलेला गोंधळ तिच्याकडे सुटणार नाही. त्यासाठी बायरन वाचा. कविता नव्हे, ‘चाइल्ड हॅरॉल्ड’च्या दुसऱ्या सर्गाच्या टिपा (१८१२). १८०९ ते १८११ तो त्या भागात होता, आल्बेनियात तेपेलेनाला तिथला सत्ताधीश अली पाशा याला भेटला, अथेन्समध्ये कापुचिन मठात राहिला. या टिपांत तो अथेन्समधल्या युरोपीय मंडळींची मतं सांगतो. फोव्हेल नावाचा फ्रेंच कॉन्सल तिथे वर्षानुवर्षं राहिलेला, त्याचं मत असं की ग्रीक इतके बिघडलेत की त्यांना स्वातंत्र्य मिळायची लायकीच नाही. बायरनचं उत्तर बिनतोड आहे: बिघडलेत ते ज्या कारणामुळे, ते कारण स्वातंत्र्याशिवाय दूर कसं व्हायचं? दुसरा एक फ्रेंच व्यापारी म्हणे, ‘थेमिस्टोक्लीसच्या (प्राचीन अथेन्सच्या सेनानीच्या) काळातही ही असलीच टोळी होती.’ हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो.

आणि तुर्कांबद्दलही हाच माणूस लिहितो की दोष असले तरी हे लोक तुच्छ लेखण्यासारखे नाहीत, व्यवहाराला सचोटीचे आहेत. पुढे १८२४ मध्ये ग्रीकांच्या लढ्यात जाऊन मिसोलोंगीला मेला तो हाच, हे लक्षात ठेवून वाचा.

अडकित्ता
बायरनबद्दल सहमत. त्याच टिपांत थॉर्नटनची उडवलेली रेवडी विसरू नका. हा इंग्रज इस्तंबूलच्या पेऱ्यात, म्हणजे परक्या व्यापारी-वकिलांच्या वस्तीत राहिला आणि तिथून ग्रीकांवर निकाल देऊन मोकळा झाला. बायरन विचारतो, लंडनच्या गोदीत राहून स्कॉटलंडचा डोंगराळ भाग कळतो का?

पायवाट
फ्रेंच लेखक शातोब्रियाँ कुणी कसा सुचवला नाही? १८०६ चा प्रवास, १८११ चं पुस्तक, आणि भाषा काय सुंदर!

बखरवाचक
भाषेसाठी जरूर वाचा. पण अथेन्सला जेमतेम काही दिवस काढून तुर्क म्हणजे निव्वळ जुलमी असा निकाल? निकाल घरूनच बांधून आणलेला. माझ्या यादीत तो नाही.

जुनाट_नकाशा
थोडं इस्कटून सांगतो, कारण धागाकर्त्याचा प्रश्न पुस्तकांइतकाच या प्रवाशांच्या सोयीचाही आहे. हे लोक हिंडायचे कसे? हातात सरकारी फर्मान, सोबत बहुधा एक जानिसारी (सुलतानाच्या फौजेतला) शिपाई, बोलायला दुभाषा. दुभाषे बरेचदा ग्रीक, नाहीतर पेऱ्यातल्या कॅथलिक घराण्यांतले. म्हणजे तुर्कांची माहिती ज्यांच्याकडून मिळायची, त्यांचे स्वतःचे हितसंबंध होतेच. गावात पोचल्यावर हुकूम दाखवून उतरायचं बहुतेक ग्रीकाच्याच घरी. शिपायासकट आलेला पाहुणा म्हटल्यावर घरधनी कोंबड्या लपवणार, खोटं बोलणार, हांजी हांजी करणार. पाहुणा रात्री वहीत लिहिणार: ग्रीक लबाड आहेत. उलट पाशा त्याला कॉफी पाजणार, मानाने बसवणार. त्याची नोंद: तुर्क खानदानी.

हा चष्मा लावून कुणालाही वाचा, निम्मा गोंधळ निवळेल.

उरलेला निम्मा तारखांचा. १६७५-७६ मध्ये हिंडलेले स्पॉन आणि व्हीलर मुख्यतः शिलालेख आणि अवशेष शोधत होते (पार्थेनॉन, म्हणजे अथेन्सचं प्राचीन मंदिर, १६८७ च्या स्फोटात उद्ध्वस्त होण्याआधी पाहिलेले हे लोक, म्हणूनही वाचावेत). शंभर वर्षांनी, १७८२ मध्ये, श्वाझल-गुफिये पुस्तकाच्या सुरुवातीच्या चित्रातच ग्रीसला बेड्या घातलेली बाई करून बसवतो. आणि दोनच वर्षांत सुलतानाच्या दरबारी फ्रान्सचा राजदूत म्हणून रुजू होतो! फोव्हेलला अथेन्सला पुराणवस्तू गोळा करायला ठेवला तोही यानेच. बेड्यांबद्दल हळहळ आणि संगमरवरावर डोळा, दोन्ही एकाच माणसात.

गलबत
हे कोंबड्यांचं प्रकरण भारी आहे. आपल्याकडे येऊन गेलेल्यांपैकी आणखी कुणी तिथेही होतं का?

जुनाट_नकाशा
सर टॉमस रो. जहांगीराच्या दरबारातून १६१९ मध्ये परतला आणि १६२१ ते १६२८ इस्तंबूलला वकील. ग्रीक पॅट्रिआर्क (ग्रीक चर्चचा प्रमुख) किरिल लुकारिसशी त्याचा चांगला घरोबा, बायबलचं एक फार जुनं हस्तलिखित लुकारिसने त्याच्यामार्फतच इंग्लंडच्या राजाला पाठवलं. त्याचबरोबर रो इंग्रज सरदारांसाठी ग्रीक मूर्तीही शोधत होता. लुकारिसला मात्र १६३८ मध्ये सुलतानाच्या हुकमाने गळा दाबून मारलं.

आणि एक तरी प्रवासी पलीकडचा वाचा: एव्लिया चेलेबी. सतराव्या शतकातला ऑटोमन प्रवासी. पार्थेनॉनमध्ये तेव्हा मशीद होती, तिचं वर्णन तो असं भारावून करतो की कुणा युरोपीयाने काय करावं. इंग्रजीत निवडक भाग मिळतात.

तिरपागडा
फुकटात काय काय मिळेल?

अडकित्ता
माँटेग्यू आणि बायरन प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवर. बायरनची टिपांसकट असलेलीच आवृत्ती घ्या, नुसत्या कवितांच्या बऱ्याच फिरतात. व्हीलर स्कॅन मिळाला तर सतराव्या शतकातली छपाई आहे, ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, दोन पानांत सवय होते.

गलबत
ठरलं. आधी बायरनच्या टिपा, मग माँटेग्यू, मग एव्लिया. आणि थॉर्नटनही वाचणार, इतक्या शिव्या खाल्लेल्या माणसाचं म्हणणं काय होतं ते तरी कळू दे.

बखरवाचक
मग त्याच्या ‘द प्रेझेंट स्टेट ऑफ टर्की’ची १८०९ ची दुसरी आवृत्ती बघा, दोन खंडांत आहे.