पाणथळ जागेचा आरोग्य-निर्देशांक: नांदूर मधमेश्वरला नेमकं काय मोजावं?

गोदाकाठ
नाशिकखाली गोदावरीवर असलेल्या या पाणथळीच्या निर्देशांकासाठी पीएच, विद्राव्य ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, फॉस्फेट आणि पक्ष्यांची एकूण संख्या यांना वजन देऊन सरासरी काढतोय. पण जलपर्णीने भरलेल्या भागालाही ‘चांगला’ शेरा मिळतो. गडबड कुठे आहे?

चतुर_टाचणी
सरासरीत वाईट आकडा बुडून जातो, हे एक. दुसरं, ऑक्सिजन किती वाजता मोजता? शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी १२ मिग्रॅ/लिटर दिसेल आणि पहाटे २. त्यामुळे सूर्योदयाआधीचं वाचन हवंच. जलपर्णीखाली तर दिवसाही ऑक्सिजन उतरलेला असतो. कडेच्या मोकळ्या फटीत प्रोब घातला तर ते कळणार नाही.

पक्ष्यांची एकूण संख्या काढून टाका. सांडपाण्याने अन्न वाढलं की काही जातींची गर्दीही वाढते. बदकं, चिखलपक्षी, मासेखाऊ असे गट वेगळे मोजा आणि प्रत्येक गणनेसोबत पाणीपातळी लिहा. आवर्तन सुटून चिखल उघडा पडला की चिखलपक्षी वाढतात, त्यात आरोग्याचा काही संबंध नसतो.

गाळचाळणी
खरं काम तळाच्या किड्यांवर आहे. ५०० मायक्रॉनची डी-जाळी (इंग्रजी डी आकाराच्या चौकटीची हातजाळी) घ्या. पाणकणीस, बुडालेल्या वनस्पती आणि उघडा गाळ, तिन्हीकडे सारखेच झटके मारा. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, ओळख कुलापर्यंत (फॅमिली) पुरे, जातीपर्यंत नको. गाळातून आलेलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला, नाहीतर अळ्या सडतात.

ब्रिटिश नद्यांसाठीचा बीएमडब्ल्यूपी गुणांक (किड्यांच्या प्रत्येक कुलाला प्रदूषण किती सोसतं त्यावरून गुण देणारी पद्धत) जसाच्या तसा लावू नका. त्यात जास्त गुण मिळणारी बरीच कुलं वाहत्या, थंड पाण्यातली आहेत. साचलेलं पाणी निरोगी असलं तरी कमीच गुण घेईल. त्यापेक्षा चतुर-टाचणीची कुलं, लाल कायरोनोमिड अळ्यांचं (चिलटांसारख्या माश्यांच्या अळ्या) प्रमाण, गोगलगायींची विविधता असे दहा-पंधरा घटक काढा. कमी आणि जास्त ताणाच्या (सांडपाणी, शेती, चराई यांच्या) ठिकाणांत फरक दाखवतील तेवढेच ठेवा. दोन घटकांचा सहसंबंध ०.८ च्या वर गेला तर एक गाळा.

गोदाकाठ
कमी ताणाचं ठिकाण ठरवायचं कसं? नाशिकखाली पूर्ण स्वच्छ असं काहीच नाही.

गाळचाळणी
ऊस-द्राक्षांखालचं क्षेत्र, सांडपाण्याच्या नाल्यापासूनचं अंतर, काठावरची चराई यांवरून ठरवा. फॉस्फेटवरून ठिकाण निवडून तोच फॉस्फेट निर्देशांकात घातलात तर निकाल आधीच ठरलेला असतो. काही ठिकाणं बाजूला ठेवा आणि त्यांच्यावर निर्देशांक तपासा. पावसाळ्यानंतरचा आणि मे महिन्याचा नमुना एकत्र करू नका.

सेक्कीथाळी
पाण्यात शेवाळवाढ किती हे सांगणारा कार्लसनचा निर्देशांक (१९७७) वापरणार असाल तर सेक्की (थाळी पाण्यात सोडून मोजलेली पारदर्शकता) आणि क्लोरोफिल (शेवाळातलं हिरवं द्रव्य) दोन्ही मोजा. पारदर्शकता ०.५ मीटर म्हणजे निर्देशांक ७०, पण क्लोरोफिल १० मायक्रोग्रॅम/लिटर असेल तर ५३ येतो. एवढं अंतर पडलं तर पाणी शेवाळाने नाही, गाळाने गढूळ आहे. आणि इथला निर्देशांक लोणारला नेऊ नका. तिथल्या खारट, अतिअल्कधर्मी पाण्यात थोडीच कुलं असणं हीच निरोगी अवस्था.