मदत हवी आहे: चुनखडकाचा डोलोमाइट होताना एवढं मॅग्नेशियम येतं कुठून?

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.एस्सी. जिऑलॉजी करतोय. इथे जिकडे खणाल तिकडे बसाल्ट, म्हणून प्रबंधासाठी कर्नाटकातलं बागलकोट गाठून तिथल्या कलादगी खोऱ्यातले चुनखडक (कॅल्शियम कार्बोनेट) आणि डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) आणलेत.

पुस्तकं एका ओळीत उरकतात: मॅग्नेशियम आत आलं, निम्मं कॅल्शियम बाहेर गेलं, झाला डोलोमाइट. मी आकडे घालून पाहिले. १ घनमीटर भरीव चुनखडकाला साधारण ३३० किलो मॅग्नेशियम लागतं. समुद्राच्या १ घनमीटर पाण्यात ते जेमतेम १.३ किलो. म्हणजे सगळंच्या सगळं वापरलं तरी २५० घनमीटर पाणी हवं, आणि सगळं कधीच वापरलं जात नाही. शेकडो मीटर जाडीच्या खडकातून एवढं पाणी फिरवलं कोणी?

शिवाय समुद्राचं पाणी डोलोमाइटसाठी अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त विरघळलेलं) असूनही त्यातून तो स्फटिक होऊन सहजी बसत नाही. लँड या भूवैज्ञानिकांनी १९९८ मध्ये ३२ वर्षांच्या प्रयोगाचा निकाल छापला: २५ अंश सेल्सिअस, हजारपट अतिसंपृक्त द्रावण, डोलोमाइट शून्य.

नमुन्यांत डोलोमाइटचे दोन प्रकार दिसतात. स्ट्रोमॅटोलाइटच्या (सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या खडकाच्या) पट्ट्यांत अगदी बारीक दाण्यांचा, आणि भेगांच्या कडेने जाडा, पांढरा. अलिझरीन रेड या रंगाने कॅल्साइट (चुनखडकाचं खनिज) लाल झाला, हे दोन्ही कोरे राहिले, म्हणजे दोन्ही डोलोमाइटच. आयसोटोप चाचणीचं बजेट नाही. नुसत्या थिन सेक्शनवरून (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ कापावरून) दोघांचा उगम वेगळा म्हणता येईल का?

प्रतिसाद १
येईल, पण जपून. उथळ खाजणात पाणी आटलं की जिप्सम बसतो. तो कॅल्शियम घेऊन जातो, उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचा वाटा वाढतो. शिवाय ते खारं पाणी जड, आपल्याच वजनाने खाली झिरपतं. तुझा बारीक दाणा असा लवकर झालेला असू शकतो; जिप्समच्या स्फटिकांचे रिकामे साचे सापडतात का बघ.

भेगांजवळच्या दाण्यांच्या कडा वाकड्या असतील, आणि सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड पोलरखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) स्टेज फिरवताना काळोख दाण्यावरून लहरत सरकला, तर तो सॅडल डोलोमाइट. तो साधारण ६० अंशांच्या वर होतो, म्हणजे खोल गाडल्यावर किंवा गरम द्रवातून. मात्र जाडा दाणा म्हणजे उशिराचाच, असं लिहू नकोस. जुना बारीक डोलोमाइटही पुन्हा स्फटिकून जाडा होतो. नमुना भेगेपासून किती लांबचा, हे टिपलंयस का?

धागाकर्ता
हो, अंतरं फील्डबुकात आहेत. स्केच उद्या टाकतो. जिप्समच्या साच्यांकडे लक्षच दिलं नव्हतं, धन्यवाद.