मदत हवी आहे: डिप्रेशनच्या कॅप्सूलचा ब्रँड सोडून जेनेरिक घ्यावी का? (ठाणे)

घरात दोघांना औषधं चालू आहेत. आईला एस्सिटालोप्राम १० आणि धाकट्या भावाला वेन्लाफॅक्सिन एक्सआर १५० (हळूहळू सुटणारी कॅप्सूल). भावाचं कंत्राट संपलंय, नवीन काम मिळेपर्यंत दोघांच्या गोळ्या माझ्या पगारातून. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता गेल्यावर काय उरतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

आईची गोळी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली सुरू केली. तब्येतीत काही फरक नाही, बिल मात्र दणकून उतरलं. रंग वेगळा दिसला म्हणून सुरुवातीला ती जरा कुरकुरली, तेवढंच.

भावाचं प्रकरण वेगळं. मागे केमिस्टकडे त्याच्या कंपनीची कॅप्सूल नव्हती, तर "कंटेंट तोच आहे, घेऊन जा" म्हणत त्याने दुसरी दिली. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, नुसती चिडचिड. त्याआधी गावी गेलेला असताना त्याचा डोसही चुकला होता. तो कॅप्सूलला दोष देतो, मला डोस चुकल्याचा संशय जास्त येतो. पण या अवस्थेत त्याच्याशी वाद कोण घालणार?

तर विचारायचं असं, की एक्सआर औषध ब्रँडवरून जेनेरिकवर नेलेलं कोणी आहे का इथे? आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीचा अनुभव कसा आहे? भाऊ जायला तयार आहे, आईच अडून बसलीये. "याला ठाण्याला भरती करा" हा विनोद जन्मभर ऐकलेली बाई, त्या गेटात कोणी ओळखीचं भेटलं तर काय, ही तिची धास्ती.

प्रतिसाद १
मी फार्मसिस्ट आहे, कळव्याला. आधी एक गैरसमज काढून टाका. तुम्ही ज्याला ब्रँड म्हणताय तेही बहुतेक जेनेरिकच असतं, फक्त कंपनीने स्वतःचं नाव दिलेलं. एस्सिटालोप्राम मूळ डेन्मार्कच्या लुंडबेकचं, आपल्याकडे ते कित्येक कंपन्या बनवतात. साधी गोळी बदलली तर सहसा अडत नाही.

एक्सआरमध्ये औषध हळूहळू सुटावं लागतं, आणि ते कसं सुटतं हे बनावटीवर ठरतं. अमेरिकेत बुप्रोपियन एक्सएल ३०० (हेही डिप्रेशनचंच, हळू सुटणारं औषध) चं एक जेनेरिक २०१२ मध्ये याच कारणावरून बाजारातून काढलं गेलं, म्हणजे भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण वेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतं, डोस चुकला की नेमकी हीच लक्षणं येतात. म्हणून तुमचा संशयही रास्त.

चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर शेड्यूल एचचं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं) औषध परस्पर बदलून द्यायची केमिस्टला परवानगीच नाही. डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, मग जी कंपनी सुरू कराल तीच धरून ठेवा. दर महिन्याला जे स्वस्त ते, असं नको. जुनी पट्टी संपायच्या आत नवी घरात हवी. कॅप्सूल उघडून पाण्यात विरघळवू नका आणि बंद तर अजिबात करू नका. जवळच्या केंद्राचा पत्ता आणि औषधांची यादी 'जनऔषधी सुगम' ॲपवर मिळेल, पण माल आहे का ते फोन करून विचाराच.

प्रतिसाद २
ताई, माझ्या मिस्टरांना तिथल्या ओपीडीत नेते. मुलुंड-ठाण्यामधलं नवं स्टेशन ज्यांच्या जागेवर होतंय तेच हॉस्पिटल. रांग असते, डबा घेऊन जा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १८ प्रमाणे सरकारच्या आवश्यक यादीतली औषधं सरकारी ठिकाणी मोफत मिळायला हवीत. मात्र राष्ट्रीय यादीत एस्सिटालोप्राम आणि फ्लुओक्सेटिन आहे, वेन्लाफॅक्सिन नाही. म्हणजे आईंचं सोपं, भावाचं आधी विचारून घ्या. तोवर घाबरल्यासारखं झालं तर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. म्हणजे जिला फुकट मिळू शकतं तीच जायला तयार नाही! डॉक्टरांना व्हॉट्सॲप केलंय, मूळ नावाने लिहून देतो म्हणाले, वर आधी दोन आठवडे डोस न चुकवता जाऊ दे, मगच बदलू, असंही. सोमवारी भावाला घेऊन ओपीडीत जाते. केसपेपरसाठी जुन्या डॉक्टरांची फाईल सोबत लागते का?