बटाटे काढा, येसर भरा : घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी, जालना : सगळ्यांना नमस्कार. शुक्रवारी लेकरं रतनगड ते हरिश्चंद्रगड चालायला निघायलेत. आत्ता चिन्याची सॅक वजनकाट्यावर ठेवली. १७ किलो भरली. त्यातलं ६ किलो नुसतं खायचं सामान. मागच्या वर्षीचं मी परत लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या गुडघ्याची पट्टी अजून कपाटात आहे. भाऊजी, ही यादी कुणी केली तेवढं सांगा.

काका, संभाजीनगर : वहिनी, यादी मीच केली. ४ माणसं, ४ दिवस. लेकरांना उपाशी ठेवू का? मागच्या खेपेला कमी पडलं म्हणून या वेळी हात सैल सोडला.

वहिनी, जालना : कमी पडलं नव्हतं. गॅस संपला होता. तूरडाळ शिजंना म्हणून अर्धं सामान कच्चंच परत आलं. ब्रेडला बुरशी चढली होती, ती पिशवी मी रिकामी केलीय.

आत्या, लातूर : लेकरांना धपाटे द्या. मी करून पाठवते. ३ दिवस काही होत नाही.

मामा, परभणी : पाव्हणं, त्या १७ किलोत पाणी धरलंय का?

चिन्या : मला काही जड वाटत नाही 💪

वहिनी, जालना : तू गप बस.

ताई, नांदेड : काका, यादी टाका ना इथं. बघू तरी.

काका, संभाजीनगर : बटाटे ३ किलो, कांदे २, तांदूळ ३, तूरडाळ १, फरसाण २, ब्रेडचे ४ पुडे, छोल्यांचे हवाबंद डबे ६, नूडल्सची २४ पाकिटं, सॉसची बाटली, तेल १ लिटर, साखर १ किलो, चुरमुरे १ किलो, सफरचंद २ किलो, चहा, दूध पावडर. सगळं मिळून २४ किलो. चौघांत वाटून घेतलंय. यात चूक काय ते सांगा, मी काढतो.

वकीलसाहेब, लातूर : एवढ्यात तर वऱ्हाड जेवेल 😄 सोबत आचारी आणि मांडव पण घ्या.

काका, संभाजीनगर : वकीलसाहेब, तुम्ही कधी गड चढलात?

वकीलसाहेब, लातूर : गंमत केली हो. राग कामून धरता.

तात्या, अंबाजोगाई : आमचे आजोबा निजामाच्या काळात शिकारीला जायचे. ४-४ दिवस बालाघाटाच्या रानात. खांद्यावर एक झोळी. त्यात फुटाणे, गूळ, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, मीठ, तिखट आणि एक तांब्या. एवढंच. परत यायचे तेव्हा ताठ चालत यायचे.

वकीलसाहेब, लातूर : तात्या, शिकारीचं ग्रुपवर नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे ते. आणि ही मंडळी निघालीत तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तिथं तर जाळ पेटवतानाही दहादा विचार करायचा.

तात्या, अंबाजोगाई : मी शिकार करा म्हणलो का? मी झोळीचं म्हणलो. वाचायच्या आधी उत्तर द्यायची तुमची सवय जुनीच आहे. शेताच्या वाटणीच्या वेळेसही तेच.

आत्या, लातूर : झालं. वाटणी आली. तात्या, राहू द्या ना ते. मी धपाट्याचं विचारलं, त्यावर कुणी बोलंना.

मामा, परभणी : पाण्याचं पण कुणी बोलंना. १७ किलो पाणी धरून का धरल्याशिवाय?

चिन्या : मामा, पाणी धरल्याशिवाय.

मामा, परभणी : म्हणजे ३ लिटर भरलं की २० किलो. बघा.

ताई, नांदेड : तात्यांचं बरोबर आहे, मी तेच लिहीत होते. वर्गात मुलांना मी हेच शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते. काका, राग मानू नका.
आपण वजन बघतो, पण त्या वजनात अन्न किती आणि पाणी किती ते बघत नाही. बटाट्यात शंभरातले जवळजवळ ८० भाग पाणी असतं. म्हणजे तुमच्या ३ किलोतलं सव्वादोन-अडीच किलो नुसतं पाणी लेकरं गडावर चढवणार. जेवढं बळ त्या ३ किलो बटाट्यांत, तेवढं ४०० ग्राम शेंगदाण्यांत मिळतं. कांदा त्याहून पाणचट, सफरचंदाचंही तेच. डब्यातल्या छोल्यांत पाणी, वरून पत्र्याचं वजन, आणि रिकामा डबा परत आणायचा तो वेगळाच.
१०० ग्राम पीठ किंवा तांदूळ घेतला तर साधारण ३५० कॅलरी. गूळ ३८० च्या घरात. शेंगदाणे साडेपाचशेच्या वर. साजूक तूप ९०० च्या आसपास. म्हणून तूप आणि शेंगदाणे वाढवायचे, ओलं सगळं कमी करायचं. दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला ६०० ते ७०० ग्राम कोरडं सामान पुष्कळ होतं.
आणि चुरमुरे! वजनाला हलके, पण १ किलोनंही सॅकमधली बरीच जागा जाते. त्याऐवजी पोहे किंवा भाजलेला रवा घ्या.

काका, संभाजीनगर : बटाट्याचं पटलं. पण तूरडाळ तर कोरडीच आहे की.

ताई, नांदेड : कोरडी आहे, पण वर शिजत नाही. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. तिथं पाणी ९५ अंशाच्या आसपासच उकळायला लागतं. कुकर नाही, वारा सुटलेला. तुमचा गॅस मागच्या वर्षी डाळीनंच खाल्ला.

वहिनी, जालना : हेच मी वर्षभर सांगायले. मी सांगितलं की ते बोलणं होतं, ताईनं सांगितलं की ते विज्ञान होतं.

काका, संभाजीनगर : वहिनी, तसं नाही हो.

वहिनी, जालना : असू द्या.

आत्या, लातूर : ताई, तू धपाट्याचं बोलली नाहीस. धपाटे द्या. मी पाठवते.

ताई, नांदेड : आत्या, धपाटे पाहिजेतच, पण पहिल्या रात्रीला आणि दुसऱ्या सकाळीला. त्यात पण ओल असते. कांदा-मेथी-दही घालू नका, नुसते तीळ-तिखट-ओवा. थंडी आहे, तेवढे टिकतील. तिसऱ्या दिवसाचा भरवसा मी धरणार नाही.

आत्या, लातूर : माझ्या सासूबाई दशम्या बांधून पंढरपूरला चालत जायच्या. टिकायच्या. पण ठीक आहे, तू शिकलेली आहेस.

ताई, नांदेड : आत्या 🙏

छकुली : आक्काआजी बोलायलीय, मी टाईप करतेय. जसंच्या तसं लिही म्हणली.
"बहात्तर म्हणलं की वकिलाला कायदा आठवतो. मला सुकडी आठवते. तेव्हा मी १४ वर्षांची होते. दुष्काळी कामावर आम्ही पाझर तलावाची माती वाहायचो. घरी मिलो ज्वारीची लाल भाकर, आणि कामावर सुकडी मिळायची. कोरडं पीठच ते, गोडसर. ओच्यात बांधायचं. दुपारी मूठभर तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं, की पुन्हा पाटी उचलायची. चूल नाही, भांडं नाही. त्याच्यावर उन्हाळा काढला आम्ही. लेकरांच्या पाठीवर बटाटे कशाला लादता? मी करून देते. गव्हाचं पीठ तुपात खमंग भाजायचं, त्यात डाळ्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, गूळ किसून, सुंठ. कोरडीच ठेवायची. लाडू वळू नका, पिशवीत त्यांचा भुगाच होतो."

तात्या, अंबाजोगाई : आक्का 🙏 तू तेव्हा तुझ्यातली अर्धी मला आणून द्यायचीस. मला आठवतंय.

छकुली : आजी म्हणली, "अर्धी नाही, मूठभर. अर्धी मीच खायचे. काम मी करायचे."

वकीलसाहेब, लातूर : आक्का, यावर मी काही बोलणार नाही. 🙏

मामा, परभणी : आक्का बरोबर बोलल्या. मूठभर खायची, वर पाणी प्यायचं. ते पाणी कुठून आणणार ते पाव्हण्यांनी अजून सांगितलं नाही.

काका, संभाजीनगर : मामा, सांगतो. कितव्यांदा विचारताय. रतनगडावर टाकी आहेत, हरिश्चंद्रगडावरही आहेत. मधल्या टप्प्यात कात्राबाईच्या खिंडीनं कुमशेतला उतरायचं, तिथं गाव आहे. पुढं पाचनई, तेही गाव. गड आणि गाव सोडून मधे वाटेवर पाण्याचा भरवसा धरत नाही मी.

मामा, परभणी : मग दुपारी वाटेत चूल मांडायची नाही. नूडल्स उकळल्या की माणशी अर्धा लिटर गेलं. आणि फरसाण तर बिलकुल नको. मागच्या वर्षी २ किलो फरसाण खाऊन पोरं तहानेनं बेजार झाली होती, चिन्यानं मला सांगितलंय. खारट-तेलकट खायचं आणि पाणी मोजून प्यायचं, हे जमत नसतं.

ताई, नांदेड : मामा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कोरडं सामान हलकं खरं, पण शिजवताना पाणी मागतं. चौघांची खिचडी आणि आमटी म्हणजे ३ लिटर सहज. म्हणून शिजवायचं ते फक्त टाक्याजवळ, रात्री आणि सकाळी. दुपारचं सगळं बिनचुलीचं.

मामा, परभणी : तेच तर कालपासून सांगायलो.

वहिनी, जालना : दादा, तू आज सकाळपासून सांगायलास 🙂

काका, संभाजीनगर : बरं. आता जेवणं मोजू. शुक्रवारी दुपारी रतनवाडीत जेवूनच गड चढणार. शनिवारी रात्री कुमशेतला एका घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवलीय, रविवारची सकाळही तिथंच. सोमवारी तोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरून जेवणार. म्हणजे आपल्या पाठीवरची जेवणं फक्त ६. खरं सांगतो, मी १२ धरली होती.

वहिनी, जालना : भाऊजी, मोजलंत हे बरं केलंत.

ताई, नांदेड : मग असं बघा. शुक्रवारी रात्री नि शनिवारी सकाळी आत्याचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी. शनिवार-रविवार दुपारी आक्काची सुकडी, बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या आणि शेंगदाणे. खारोड्या तळायच्या नाहीत, तशाच कच्च्या चावायच्या. रविवारी रात्री हरिश्चंद्रगडावर मूगडाळ-तांदळाच्या भरडीची खिचडी, भरड घरूनच भाजून न्यायची म्हणजे पटकन शिजते. सोबत येसराची आमटी, वरून तूप. सोमवारी सकाळी भाजलेल्या रव्याचा सांजा. तेलाची बाटली नको, सांडली की सगळी सॅक गेली. थंडीत तूप थिजतं, घट्ट झाकणाच्या डबीत २०० ग्राम पुरे. चहा-साखर-पावडर आहेच, गूळ थोडा जास्त, आणि एका जेवणाची भरड जादाची, वाट चुकली तर. सगळं मिळून पावणेसात किलो होतं. माणशी १ किलो ७०० ग्राम.

काका, संभाजीनगर : २४ चे पावणेसात 🙏 येसर मला सुचलंच नाही. आपल्या फडताळात बारा महिने असतं.

तात्या, अंबाजोगाई : येसर म्हणजे काय, भाजलेलं धान्य, मसाला, दळून ठेवलेलं. पाण्यात कालवलं, उकळी आली की झालं. गाडीवाटेच्या काळात बायका हेच बांधून द्यायच्या. बाजारातल्या पाकिटावर असंच लिहून विकतात आता.

चिन्या : पण नूडल्सची दोन पाकिटं तरी? 🙏

वहिनी, जालना : दोन. तुझ्या सॅकमध्ये.

आत्या, लातूर : धपाटे किती करू? माणशी ३ धरले तर दोन वेळचे २४. गुरुवारी सकाळी करते, लगेच दुपारच्या गाडीनं पाठवते.

वकीलसाहेब, लातूर : २८ कर. गाडीपर्यंत मीच घेऊन जाणार आहे.

मामा, परभणी : टाक्यातलं पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून प्यायचं. थेंबांची बाटली मी पाठवतो. मीठ-साखरेच्या पुड्या पण.

छकुली : आजी विचारतेय, येसर आहे ते मागच्या उन्हाळ्यातलं आहे, वास गेलाय. नवीन भाजायचं तर गिरणी उद्या बंद असते. कुणी जात्यावर येणार का?

वहिनी, जालना : मी येते आक्का. दुपारच्या एसटीनं. सुकडीचं पीठही तिथंच भाजू.

तात्या, अंबाजोगाई : गूळ मी आणतो.

( गुरुवार, रात्री )

चिन्या : सॅक परत काट्यावर ठेवली. १२ किलो ७००.

मामा, परभणी : पाणी भरून ठेव.

चिन्या : ३ लिटर भरलं. १५ किलो ७००.

मामा, परभणी : आता बरोबर. गुडघ्याची पट्टी बांधून नीघ.