वितंडवाद: नेमका अर्थ काय?

अंधेरीकर: आमच्या इमारतीच्या ग्रुपवर परवा धुमश्चक्री झाली. मी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा फोटो टाकून लिहिलं की हा काळ्या बसाल्टचा सुळका 6 कोटींहून अधिक वर्षं जुना आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच विचारलं, ‘‘तेव्हा मोजायला कोण होतं?’’ पाठोपाठ कुणा परदेशी पीएचडीवाल्याचा व्हिडिओ आला: पृथ्वी 6 हजार वर्षांची, उत्क्रांती ही नुसती थिअरी. खाली काकांची पुस्ती, ‘‘मी स्वतः केमिकल इंजिनियर आहे.’’ शेवटी सेक्रेटरी म्हणाले, ‘‘वितंडवाद पुरे.’’ माझा प्रश्न एवढाच की वाद आणि वितंडवाद यांत फरक फक्त आवाजाचा का? आणि शब्द वितंड की वितंडा?

शीवकर: मूळ संस्कृत शब्द वितण्डा, स्त्रीलिंगी. मराठीत समासात शेवटचा आकार गळला. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. अगदी हळू बोलूनही वितंडा करता येते. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. कसंही करून जिंकायचं, शब्दांत पकडायचं, तो जल्प. आणि समोरच्याचं खोडायचं पण स्वतःची बाजू मांडायचीच नाही, ती वितंडा. सूत्रात ‘प्रतिपक्षस्थापनाहीन’ असाच शब्द आहे. त्या हिशेबाने ‘वितंडवाद’ हा शब्दच विचित्र, कारण वितंडा हा वाद नव्हेच! पण रूढ झालाय, आता कोण उपटणार. तुमच्या काकांचं मात्र वितंडेचं चोख उदाहरण.

पार्लेकरीण: थांबा, मला हे पटलं नाही. 6 हजार वर्षं ही काकांची बाजू झाली की! मग तो जल्प, वितंडा कशी? आणि तो आकडा कुठला तेही बघा. 17व्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलातल्या वंशावळ्या जुळवून सृष्टीची सुरुवात इ.स.पू. 4004 मध्ये ठरवली. काकांच्या घरी गणपतीला गुरुजी संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे’ म्हणत असतीलच. तो हिशेब मांडला तर या कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षं होतात. हातात अक्षता घेऊन 197 कोटी आणि मोबाइल घेऊन 6 हजार!

अंधेरीकर: हाहा. पण पुढे काय झालं ऐका. मी पुरावा मागितला तर म्हणाले, ‘‘मी कुठे काही म्हणतोय? मी फक्त प्रश्न विचारतोय.’’

पार्लेकरीण: मग ठीक. जल्पाने सुरू झालं आणि वितंडेवर आलं. शीवकरांचा अर्धा मुद्दा मान्य.

शीवकर: अर्धा तर अर्धा. ‘तेव्हा कोण होतं’ याला नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, उत्तर अनुमान. त्यांचा घासून गुळगुळीत झालेला दाखला आठवा: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आग पाहायला वर चढावं लागत नाही. अंधेरीत तर अख्खा डोंगरच विझलेली आग, थिजलेला लाव्हा! खडकातल्या पोटॅशियम-40 चा काही भाग ठरावीक गतीने आरगॉन वायू होत जातो, निम्मं पोटॅशियम-40 संपायला सुमारे 125 कोटी वर्षं लागतात. किती आरगॉन साठलाय ते मोजायचं, त्यावरून खडकाचं वय निघतं. हा झाला धूर.

दादरचा धनंजय: एक शंका. आपण ‘उत्क्रांतिवाद’ म्हणतो म्हणून लोकांना ते वादग्रस्त वाटतं का? ‘निर्मितिवाद’ शेजारी ठेवला की दोन पक्ष समोरासमोर बसल्यासारखे दिसतात.

शीवकर: सापेक्षतावादाच्या नावातही वाद आहे, त्यावर कुणी सोसायटीची मीटिंग लावत नाही. दोष ‘वाद’ या शब्दाचा नाही. उलट ‘नुसती थिअरी’चं मराठी करून बघा: ‘नुसता सिद्धांत’. ज्याचा अंत सिद्ध झालाय तो सिद्धांत, त्याला नुसता कसं म्हणणार? म्हणून अशा वेळी काका हटकून इंग्रजी शब्द वापरतात.

पार्लेकरीण: राहिली ती इंजिनियरची पदवी. त्यासाठीही जुना शब्द आहे: आप्त. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या टीकेत, न्यायभाष्यात, आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच. म्हणजे बिल्ला कुठला ते नाही, ती गोष्ट ठाऊक आहे का ते बघायचं. बॉयलरबद्दल काका आप्त, मी निमूट ऐकेन. खडकाच्या वयाबद्दल भूवैज्ञानिक आप्त. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक उरले, लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट. विश्वासाचा माणूस म्हणता म्हणता घरचा माणूस झाला, आणि घरच्याने फॉरवर्ड केलं की खरं.

अंधेरीकर: काका माझ्या बायकोचे मावसकाका लागतात. काल लिफ्टमध्ये म्हटलं, ‘‘काका, तुम्ही तर आमचे आप्त.’’ एकदम खूश झाले, रविवारी जेवायला बोलावलंय.